भीती कोणाला, धोका कोणाला?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या एका तरुणावर शार्कने हल्ला केला. त्याचा एक पाय गेला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असे क्वचितच घडते, त्यामुळे दोन दिवस ही बातमी सर्वत्र गाजली. आमचे विंचूर समुद्रापासून चांगले दीडशे किलोमीटर आत. येथे समुद्राचे दर्शन घडते ते आठवडे बाजारातल्या सुकट-बोंबलांच्या पाट्यांमधून. तरीही ती चित्रफीत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोहोचली होती. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, कांद्याच्या खळ्यावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ज्यांनी जन्मात खाडी पाहिली नाही ती माणसे शार्कच्या दातांच्या रांगा मोजून सांगत होती.

त्याच उन्हाळ्यात ओळखीतले एक कुटुंब कोकणात फिरायला गेले. मुलांना पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचे नाही, असे घरातूनच ठरवून निघाले होते. मुले बिचारी वाळूत बसून राहिली. आता गंमत पाहा, ही मंडळी गेली कशी? सातजणांच्या गाडीत अकराजण बसले, रात्री जेवण करून निघाले आणि चालकाने सबंध रात्र डोळ्याला डोळा न लावता घाट उतरून गाडी पहाटे किनाऱ्याला लावली. प्रवास कसा झाला, असे विचारले तर म्हणाले, ‘मस्त! रस्ता मोकळा होता.’ धोका होता तो रात्रभरच्या रस्त्यावर आणि भीती वाटली ती सकाळच्या गुडघाभर पाण्याची.

हसण्यासाठी मी हे सांगत नाही. आपण सगळे असेच वागतो. पण धोका एका जागी आणि भीती दुसऱ्याच जागी, ही जी फारकत झाली आहे, तिची किंमत कोणी तरी मोजत असते. ती कोण मोजतो, एवढाच आजचा विषय आहे.

आधी आकडे

बँकेत उभी हयात गेल्यामुळे कोणत्याही गोष्टीचा आधी आकडा पाहायची सवय लागली आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात जगभरच्या शार्कहल्ल्यांची नोंद ठेवली जाते. माणसाने डिवचलेले नसताना शार्कने चावा घेतल्याच्या घटना २०२३ साली साऱ्या जगात ६९ झाल्या आणि त्यांत दहा माणसे दगावली. २०२४ साली अशा ४७ घटना झाल्या आणि चौघांचा मृत्यू झाला. हे आकडे पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांचे, सगळ्या किनाऱ्यांचे आहेत.

आता दुसरी बाजू. माणसाने मारलेल्या शार्कची संख्या २०१९ साली सुमारे आठ कोटी होती, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ समुद्रात वावरणारा, डायनोसॉरच्याही आधीचा हा जीव. त्याची बरीचशी जात उशिरा वयात येते आणि मोजकीच पिल्ले घालते. खर्च झपाट्याने आणि जमा थेंबथेंब, अशा खात्याचे पुढे काय होते, हे सांगायला बँकेत नोकरी करावी लागत नाही. कोण कोणाला घाबरायला हवे, असा प्रश्न कोणी विचारला, तर ताळेबंद स्पष्ट आहे.

आणि आपल्या अंगणातले आकडे? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. पाण्यात बुडून दरवर्षी तीस हजारांहून अधिक जीव जातात. साप चावून मरणाऱ्यांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात बारा लाख माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक सगळी खेड्यांतली, आणि निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांतली. सर्पदंशाने मेलेल्यांची चित्रफीत कोणी पाठवत नाही. ती माणसे एकेकटी, बांधावर, गोठ्यात, झोपेत मरतात आणि तालुक्याच्या पानावरसुद्धा त्यांना दोन ओळी मिळाल्या तर मिळतात.

वैतरणा आपल्याच जिल्ह्यातली

शार्क नदीत कसा आला, हा प्रश्न त्या दिवसांत मला अनेकांनी विचारला. निवृत्त माणसाला सगळे माहीत असते, असा एक गोड गैरसमज गावात असतो. वैतरणा उगम पावते ती आपल्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत. त्याच डोंगरांतून निघालेली गोदावरी पूर्वेला वळते आणि आमच्या निफाड तालुक्याला पाणी पाजते. वैतरणा पश्चिमेला जाते, वाटेत धरणांतून मुंबईची तहान भागवते आणि अरबी समुद्राला मिळण्याआधी रुंद खाडी होते. त्या खाडीत भरती-ओहोटीबरोबर समुद्र आत-बाहेर करत असतो. मनोरचा मासा बुल शार्क जातीचा असावा, असे जाणकारांनी तेव्हा सांगितले. खारे आणि गोडे अशा दोन्ही पाण्यांत जगू शकणारी ही जात आहे. ॲमेझॉन नदीत हा मासा समुद्रापासून हजारो किलोमीटर आत सापडला आहे. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाच्या सरोवरात तो वावरतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ एका गोल्फच्या मैदानातल्या तळ्यात पुराबरोबर आलेले असे काही शार्क कित्येक वर्षे राहत होते आणि लोक शेजारी खुशाल गोल्फ खेळत होते!

नदीत शार्क येतच नाही, हा समज जुना आहे आणि तो महागात पडल्याची नोंद आहे. जुलै १९१६ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्याच्या किनाऱ्यावर बारा दिवसांत शार्कने चौघांचा बळी घेतला. त्यांतले दोन बळी समुद्रावर गेलेच नाहीत. मॅटवन नावाच्या गावाजवळच्या खाडीत ते गेले. एक अकरा वर्षांचा मुलगा, आणि दुसरा त्याचा देह शोधायला पाण्यात उतरलेला तरुण. त्या दिवशी एका निवृत्त बोटवाल्याने पुलावरून पाण्यात शार्कची सावली पाहिली होती. तो गावात ओरडत गेला. लोकांनी त्याची थट्टा केली. नंतर त्याच लोकांनी खाडीत सुरुंग उडवले आणि किनाऱ्यावर दिसेल तो शार्क मारला.

ही घटना मला फार बोलकी वाटते. ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याचे कोणी ऐकले नाही. आणि नंतर ज्यांनी काहीच पाहिले नव्हते, त्यांनी सुरुंग लावले. थट्टेपासून सुरुंगापर्यंतचा हा प्रवास काही तासांचा होता. मधला जो टप्पा असतो, म्हणजे ऐकून घेण्याचा, माहिती करून घेण्याचा, सावध होण्याचा, तो त्या गावाने वगळला. आपणही तो नेहमी वगळतो.

न दिसणाऱ्याचे भय

शार्कची आजची भीती मात्र पाण्यातून आलेली नाही, ती पडद्यावरून आली आहे. पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ साली आली आणि १९७५ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तिच्यावर चित्रपट काढला. आमच्या पिढीने तो तरुणपणी पाहिला आणि पुढे काही दिवस विहिरीत उडी मारतानाही अंगावर काटा येत असे. त्या चित्रपटासाठी केलेला यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता. म्हणून दिग्दर्शकाला तो फारसा दाखवताच येईना. पहिला तासभर तर शार्क धड दिसत नाही. दिसते ते पाणी, ऐकू येते ते संगीत. प्रेक्षक घाबरला तो शार्कला नव्हे, पाण्याला घाबरला.

कादंबरी लिहिणारा माणूस म्हणून या प्रकाराबद्दल मला थोडे बोलायचा अधिकार आहे. वाचकाला घाबरवायचे असेल तर भुताचे वर्णन करू नये, दार किंचित उघडे ठेवावे, हे प्रत्येक लेखक शिकतो. हे कसब आहे. पण गोष्ट पुस्तकातून बाहेर पडून किनाऱ्यावर गेली की, तिच्यावर लेखकाचा ताबा राहत नाही. ‘जॉज’नंतर शार्क मारणे हा मर्दानी खेळ झाला. स्वतः बेंचली पुढे शार्कच्या रक्षणासाठी झटले आणि आजच्या ज्ञानानिशी आपण ती कादंबरी तशी लिहू शकलो नसतो, अशी भूमिका त्यांनी घेतली. २००६ साली ते गेले. त्यांची गोष्ट मात्र अजून पोहते आहे.

आता कथा-कादंबरीची जागा मोबाइलने घेतली आहे. फरक एवढाच की, कादंबरी ही कादंबरी आहे हे वाचकाला ठाऊक असते. मोबाइलवरची चित्रफीत कोठली, कोणत्या सालची, खरी की बनवलेली, काही ठाऊक नसते. तरी ती ‘आपल्या भागातली’ म्हणून पुढे पाठवली जाते.

दहशत आणि धास्ती

मराठीत भीतीला शब्द भरपूर आहेत. त्यांतले दोन मी येथे वेगळे काढतो. एक ‘दहशत’ आणि दुसरा ‘धास्ती’. दहशत हा बातमीचा शब्द आहे: ‘परिसरात बिबट्याची दहशत’. धास्ती हा घरातला शब्द आहे. पोरगा क्लासवरून अंधाराचा येतो, धास्ती वाटते. धनी रात्री पाणी भरायला जातो, धास्ती वाटते. दहशत लांबूनही वाटते. धास्ती फक्त तेथे राहणाऱ्यालाच असते. दहशतीला दोन दिवसांचे आयुष्य असते, धास्ती वर्षानुवर्षे उशाशी असते.

आमच्या निफाड तालुक्यात शार्क नाही, पण बिबट्या आहे. ऊस वाढला की, त्याला जंगलाची गरज राहत नाही. माद्या उसातच वितात आणि तोड सुरू झाली की, सरीत पिल्ले सापडतात. आता कित्येकदा वनखात्याची माणसे ती पिल्ले पेटीत घालून जागेवर ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. ही बातमी फार लोक वाचत नाहीत. पण एखादा हल्ला झाला की, सारे हादरते. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात तीन आठवड्यांत तिघांचे बळी गेले, त्यांत दोन मुले होती. संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. पुढे बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्या आईचे लेकरू गेले, तिला आकडेवारी सांगायला जाऊ नये. तिची धास्ती खरी होती, आणि ती अनेक दिवसांपासून होती. ऐकली गेली ती दहशत झाल्यावर.

येथे एक हिशेब मांडतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस मेला तर वारसांना मिळणारी मदत महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये वीस लाख रुपये केली, पुढे ती आणखी वाढली. ते योग्यच झाले. त्याच बांधावर, त्याच रात्री, त्याच माणसाला बिबट्याऐवजी घोणस चावली तर? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख. तेही खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती एवढ्यांनाच. शेतमजूर बाई गेली, तर तिचे नाव या योजनेत बसत नाही. मरण तेच, अंधार तोच, मागे राहिलेली पोरे तशीच. मग मदतीच्या रकमेत एवढे अंतर कशाचे? माझ्या मते ते भीतीचे आहे. ज्या मृत्यूची बातमी होते, त्याची किंमत मोठी.

अफवेची रांग

भीतीला हसू नये, हे मी शाखेत शिकलो. नोकरीच्या उमेदीच्या काळात एका लहानशा गावी असताना आमची बँक बुडणार, अशी अफवा एका सकाळी उठली. दहा वाजता दाराबाहेर दीडशे माणसे. नोकरीला नवे असलेले आम्ही अधिकारी वैतागलो होतो. ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असा फलक लिहून लावावा, दार निम्मे ओढून घ्यावे, असे आमचे मत. शाखाधिकारी जुने, मुरलेले गृहस्थ. ते म्हणाले, ‘दार सताड उघडा, आणि आज काउंटर सहापर्यंत चालू राहील असे सांगा. घाबरलेल्या माणसाला उपदेश करायचा नसतो, त्याचे पैसे त्याच्या हातात द्यायचे असतात.’ त्यांनी जिल्ह्याहून रोकड मागवली आणि ती लोकांना दिसेल अशी मोजायला बसवली.

रांगेत एक म्हातारी होती. खात्यावर अकराशे रुपये. मी म्हणालो, ‘मावशी, एवढ्याशा पैशांसाठी उन्हात कशाला उभ्या राहिलात?’ ती म्हणाली, ‘सायेब, तुमाला एवढंसं, माझं समदं तेवढंच हाये.’ तिने नोटा दोनदा मोजल्या, कनवटीला लावल्या, थोडा वेळ बाकावर बसली, बाहेरची रांग पातळ होताना पाहिली आणि परत आली. ‘बुडत नसंल तर ठेवा मग माघारी,’ म्हणाली. संध्याकाळपर्यंत काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पैसे परत भरले.

पुढे या प्रसंगाचा मी अनेकदा विचार केला. म्हातारीची भीती चुकीच्या माहितीवर उभी होती, पण भीती खोटी नव्हती. तिचे सर्वस्व पणाला लागले होते. गावातले जे चार मोठे ठेवीदार होते, ते रांगेत नव्हतेच. त्यांनी फोनवरून खरे-खोटे विचारून घेतले होते. आणि ज्यांचे बँकेत खातेच नव्हते, ते समोरच्या हॉटेलात बसून ‘बँक गेली, बँक गेली’ म्हणत होते. प्रत्येक भीतीच्या भोवती ही तीन प्रकारची माणसे असतात. मनोरला पाय गमावणारा तरुण आणि त्याच्यासारखे रोज खाडीत उतरणारे लोक हे रांगेतले. चित्रफिती फिरवणारे आपण हॉटेलातले. कारभार मात्र बहुतेक वेळा हॉटेलातला आवाज ऐकून चालतो.

चुकीचे औषध

तसा तो चालला की काय होते? ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तीन वर्षांत शार्कच्या हल्ल्यांत सात माणसे गेली. लोक भडकले. तिथल्या राज्य सरकारने जानेवारी २०१४ पासून समुद्रात आमिषाचे गळ टाकले. तीन-साडेतीन महिन्यांत १७२ शार्क अडकले. त्यांत बहुतेक टायगर शार्क होते. मोठे असतील ते गोळी घालून मारले. ज्या ग्रेट व्हाइट जातीच्या धसक्याने हा खटाटोप केला, तो एकही गळाला लागला नाही! त्याच वर्षी तिथल्या पर्यावरण संस्थेने प्रतिकूल मत दिले आणि बेत गुंडाळावा लागला.

दूर कशाला जा? २००१ साली जुन्नर भागात बिबट्यांचे हल्ले होऊ लागले, तेव्हा पिंजरे लावून बिबटे पकडायचे आणि लांबच्या जंगलात सोडून द्यायचे, असा कार्यक्रम जोरात सुरू झाला. बिबट्या दिसला की पिंजरा, मग त्याने काही केलेले असो वा नसो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या साऱ्याचा अभ्यास केला. त्यांना आढळले ते असे: आधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, हा कार्यक्रम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले. अनोळखी मुलखात सोडलेले, बिथरलेले जनावर नव्या गावाला धोका झाले. आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे जनावर आले. पिंजऱ्यात बिबट्या पाहून गावाला बरे वाटले. तेवढ्यापुरती दहशत गेली. धास्ती वाढली.

म्हणजे लांबून घाबरणाऱ्याला दिलासा देण्यासाठी केलेला उपाय जवळ राहणाऱ्याच्या जिवावर उठू शकतो. शार्क असो, बिबट्या असो, मुक्या जनावराचे नुकसान तर होतेच. पण माणसाचेही होते, आणि तेही नेमके त्याच माणसाचे, ज्याच्या नावाने हे सगळे चाललेले असते.

योग्य औषध

आमच्या गावाच्या नावातच विंचू आहे, तेव्हा त्याची गोष्ट सांगणे मला भाग आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने तरणीताठी माणसे, लहान मुले पटापट मरत. दंश झाला की मंत्र, उतारे आणि रडारड. रायगड जिल्ह्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसले, विष हृदयावर कसे काम करते, ते त्यांनी टिपून ठेवले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध येथे चालते, हे दाखवले. त्यांचे हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दवाखान्यात येणाऱ्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीस दगावत होते, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या सगळ्यात विंचू मारण्याची मोहीम कोठेही नाही. विंचू आहे तेथेच आहेत. कोकणातल्या आईची धास्ती मात्र कमी झाली, कारण कोणी तरी तिच्या लेकराच्या उशाशी बसला.

दुसरे उदाहरण शार्कचेच. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. अवाढव्य, पण माणसाला निरुपद्रवी. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण कायदा मुंबईत किंवा दिल्लीत असतो आणि मासा जाळ्यात अडकतो समुद्रात. त्याला सोडायचे तर जाळे कापावे लागते, आणि ते हजारो रुपयांचे जाळे त्या कोळ्याचे भांडवल असते. महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ पासून अशा फाटलेल्या जाळ्यासाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून जाळे कापून व्हेल शार्क, कासवे, डॉल्फिन सोडून देणारे कोळी बांधव सरकारदरबारी पुरावा म्हणून त्यांची छायाचित्रे काढून आणतात. ज्याचे नुकसान त्याला भरपाई, एवढा साधा व्यवहार केला आणि जनावरही वाचले. जो धोका उचलतो, त्याचा हात धरा. जनावराचे रक्षण त्याच हाताने होते.

मग करायचे काय? आमच्यापुरते मी सांगतो. शेतीपंपाला अनेक गावांत अजून आठवड्यातले काही दिवस रात्रीची वीज मिळते. माणूस हातात बॅटरी घेऊन उसात शिरतो. बिबट्या आणि साप यांच्या कामाच्या वेळेला आपणच माणसाला पाठवतो. दिवसा वीज द्यावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. ती प्रत्येक फीडरपर्यंत पोहोचली तर पिंजऱ्यांपेक्षा अधिक जीव वाचतील. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पविषावरची लस आणि ती देण्याचे धैर्य असलेला डॉक्टर रात्री हजर असला पाहिजे. वस्तीवर शौचालय आणि दिवा असला पाहिजे. सापाने मेलेल्याच्या घराला वाघाने मेलेल्याच्या घराइतका आधार मिळाला पाहिजे, आणि त्यात शेतमजुराचे नाव आले पाहिजे. खाडीकाठच्या गावात भरतीच्या वेळी गढूळ पाण्यात कोठे उतरू नये, हे तिथल्या जुन्या कोळ्यांना विचारून पाटीवर लिहिले पाहिजे. यांतली एकही गोष्ट चित्रफितीत चांगली दिसणार नाही, हे मला मान्य आहे.

आणि घरापुरते? येत्या सुट्टीत मुलांना समुद्रावर न्या. जीवरक्षक असेल तेथे, भरती-ओहोटी विचारून, कमरेपर्यंत पाण्यात खुशाल जाऊ द्या. मासळी बाजारात त्यांना मुशी दाखवा. कोकणात जिला मोरी म्हणतात, तोच हा शार्क, आणि त्याने आपल्याला खाण्यापेक्षा आपणच त्याला किती तरी अधिक खाल्ले आहे, हे सांगा. मात्र त्यासाठी निघताना गाडीत माणसे मोजून बसवा, चालकाला झोप झाली का, ते विचारा आणि सकाळी उजाडल्यावर निघा.